पिवळा नेमका कोणता

गिमलीचा कर्लिंग क्लब, वरची खोली,
जानेवारीतला दुसरा मंगळवार. बाहेर उणे एकतीस.
खाली गाड्या विजेच्या वायरींना बांधलेल्या,
दावणीला गुरं बांधावीत तशा.
आम्ही सात जण, मनुकांचा केक,
आणि वही माझ्याकडे, कारण माझंच अक्षर लागतं.

ठराव: ऑगस्टच्या आत चौदा विमानं,
सगळी आपल्या हवाई दलाची, सगळी बहात्तरात एक,
वाचनालयाच्या छताला टांगायची
मासेमारीच्या दोऱ्याने.

पहिला तास मापातच गेला.
बहात्तरात एक म्हणजे वैमानिक अंगठ्याच्या पेराएवढा.
कॉर्नी फ्रीसन म्हणाला, माझे डोळे बहात्तरचे,
विमान तरी अठ्ठेचाळीसचं असू द्या.
हसलो सगळे. मत कुणी दिलं नाही.

मग वाटप.
लँकेस्टरला तीन हात वर.
सेबरला चार, त्यात ओरेस्टचे दोन्ही.
अ‍ॅरोचं नाव निघालं तसं कुणी कॉफीला उठलं,
कुणी खिडकीशी गेलं.
कापून भंगारात घातलेलं विमान,
तेच अजून सगळ्यात जास्त उडतं आमच्यात.
ते डेल्फीनने घेतलं. बोलली काहीच नाही.
सी किंग रेजाँचं: अकरा वर्षं ओकलो त्यात,
आता रंगवतोही.

हार्वर्ड कुणालाच नको.
पिवळा झाकत नाही म्हणे, चार हात द्यावे लागतात,
आणि चौथ्या हातानंतरही खालचं प्लास्टिक डोकावतं.
शिवाय पिवळा नेमका कोणता?
इथे विषयाला तोंड फुटलं.
ओरेस्टकडे दोन डब्या, एकमेकींना खोटं पाडणाऱ्या.
डेल्फीनकडे रंगांचा तक्ता, दुमडीवर उडालेला.
कॉर्नी म्हणे जुलैतल्या कनोलाच्या शेतासारखा,
रेजाँ म्हणे छे, त्यात थोडं तांबडं हवं, बलकासारखा.
साडेआठ वाजले. घोंगडं भिजतच.

तेव्हा थोर्डिस ब्यार्नासन, नव्वदीची,
जिला आम्ही केकपुरतं धरलं होतं,
म्हणाली, माझ्या पिकअपमध्ये दार आहे, वर आणा.
दोघांनी आणलं. जिन्यात कोपऱ्यावर अडकलं.

अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा. हार्वर्डच्या कुशीचा.
लढाई संपल्यावर तिच्या वडिलांनी लिलावात घेतला,
बिजागऱ्या ठोकल्या, खुराड्याला लावला.
ऐंशी वर्षं कोंबड्यांनी आत-बाहेर केलं.
वरच्या बाजूला ऊन खाऊन लोण्याचा रंग,
आतल्या बाजूला धूर, विष्ठा,
खाली चोचींच्या खोका, टाचणीच्या डोक्याएवढ्या.
ओरेस्टने खिशातला पेचकस काढला,
वरची बिजागरी सोडवली.
तिच्याखाली तो होता,
टिकलीएवढा, ओला वाटावा असा.
सात डोकी एकदम वाकली, दिवा झाकला गेला.

हाच ना? मी विचारलं, पेन्सिल टेकवून.
मला काय माहीत, थोर्डिस म्हणाली.
मी आठ वर्षांची, अंगणात मान वर करून.
सूर्य पलीकडे असायचा.
खालून मला ती कायम काळीच दिसली.
पिवळी होती हे दार झाल्यावर कळलं.

मग खोलीत नुसता हीटर.
छताकडे पहिलं कुणी पाहिलं, आठवत नाही.
चौदा विमानं, चौदा काळी पोटं,
ट्यूबलाइट पलीकडे.

कॉर्नी म्हणाला, मग चार हात कशाला, एकात भागेल.
कुणी हसलं नाही. तोही नाही.

वहीत मी लिहिलं:
हार्वर्ड. खाली टांगणे. पाच वर्षांच्या मुलाच्या
डोळ्यांच्याही खाली. पाठ दिसली पाहिजे.
पुढे नावाची जागा कोरी ठेवली,
मग माझंच घातलं.
चोचींच्या खोका करायच्या का, हे राहिलं.
अर्गसचंही राहिलं. डिंक कोण आणणार, तेही.

बिजागरी लावा परत, थोर्डिस म्हणाली,
हातमोजे चढवत.
खुराड्याला गोणपाट लावून आलेय.
कोंबड्या गारठतील.